दिवा चालू आहे का?

ऑपरेटरांचा पहिला फोन आला तेव्हा मी चिडलेली होते. तशी मी बहुतेक वेळा असतेच असं माझा भाऊ म्हणतो, पण त्या दिवशी मला कारण होतं. एका गिऱ्हाइकानं डायोड उलटा जोडून जाळला होता आणि 'माल खराब दिलात' म्हणून तो माझ्याच पुढ्यात आणून आपटला होता. चोर तो चोर वर शिरजोर. त्याला वाटेला लावते न लावते तोच फोन वाजला.

"बाई, एक विचारू का? दिवा एक आहे आणि बटणं दोन. एक बाहेरच्या दाराशी, एक आतल्या खोलीच्या दाराशी. कुठलंही दाबलं तरी लागलेला दिवा विझतो आणि विझलेला लागतो. मग दिव्याला कळतं कसं, ऐकायचं कुणाचं?"

आवाज मोठा सुरेख होता, सावकाश आणि स्वच्छ. मी विचारलं, काही घ्यायचं आहे का. ते म्हणाले, अजून ठरलेलं नाही, आधी समजलं तर ठरवता येईल. मी म्हटलं, हे दुकान आहे, शाळा नाही, इलेक्ट्रिशियनला विचारा. आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता पुन्हा तोच आवाज. म्हणे, इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो म्हणाला, ते असंच असतं. मला हसू आलं, आणि तिथंच मी फसले.

माझं दुकान इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं. वडिलांनी सोपवल्यापासून बावीस वर्षं मी ते चालवते. दुकान म्हणजे एक लांबोडी खोली, एका भिंतीला छतापर्यंत छोटे छोटे खण आणि प्रत्येक खणावर वडिलांच्या हातची चिठ्ठी. डोळे मिटून मी हवा तो भाग काढून देऊ शकते असा माझा तोरा होता. पण बटणांचं उत्तर तोंडी देताना माझी तारांबळ उडाली. शेवटी म्हटलं, असं करा, कागद-पेन्सिल घ्या, मी सांगते तसं काढा, म्हणजे दिसेल.

"कागद घेतो," ते म्हणाले, "पण दिसणार नाही. मला डोळे नाहीत."

मी जीभ चावली. मग त्यांना टेबलावर दोन चमचे शेजारी शेजारी ठेवायला लावले. म्हटलं, हे दोन रस्ते, आणि दोन्ही टोकांना एकेक बटण. बटणाला चालू-बंद नसतंच. ते फक्त वरचा रस्ता धरतं नाहीतर खालचा. दोघांनी एकच रस्ता धरला तर वीज पलीकडे जाते. चमच्यांचा खणखणाट ऐकू आला.

"म्हणजे दोघांचं एकमत झालं की उजेड, नाहीतर अंधार," ते म्हणाले. "आमच्या संसारासारखंच आहे." आणि पुढे म्हणाले, "पण मग नुसतं बटण चाचपून दिवा चालू आहे की बंद, हे मला कधीच कळणार नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज बदलला. का बदलला, ते पुढे आठवडाभरात तुकड्यातुकड्यांनी कळलं.

ते सात वर्षांचे असताना गोवरात दृष्टी गेली. अंध मुलांच्या शाळेत शिकले आणि विसाव्या वर्षी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर लागले. तिथं एकतीस वर्षं. तीनशेच्या वर नंबर तोंडपाठ. कुठल्या डॉक्टरला सकाळी सकाळी फोन जोडायचा नाही आणि कुठल्या नातेवाइकाला 'थांबा' म्हणायचं नाही, हेही पाठ. ऑपरेटर हे तिथं पडलेलं नाव घरीदारी चिकटलं, आता त्यांना दुसऱ्या नावानं फक्त त्यांची थोरली बहीण हाक मारते. बोर्डाच्या मागे तारांचं जंगल होतं. ते दुरुस्त करायला येणाऱ्या इंजिनीअरला ते रोज काहीतरी विचारायचे: आवाज तारेतून जातो म्हणजे नेमकं काय जातं, दोघं एकदम बोलले तर तारेत धक्काबुक्की होत नाही का. इंजिनीअर म्हणायचा, तुम्ही नुसतं जोडा. एकतीस वर्षांनी बोर्डाच्या जागी यंत्राचा आवाज आला आणि ऑपरेटर घरी बसले.

बायको त्याच हॉस्पिटलात चादरी-कपड्यांच्या खोलीची हिशेबनीस होती. चुकीच्या नंबरला जोडल्याबद्दल भांडायला वर आली आणि भांडण संपेना म्हणून लग्न केलं, असं ऑपरेटर सांगतात. ती डोळस. सव्वा वर्षापूर्वी गेली. तिच्या मागे ऑपरेटर एकटे राहिले आणि व्यवस्थित राहिले. चहा, भात, इस्त्री, बाजार, सगळं स्वतः. घरातली प्रत्येक भिंत त्यांच्या ओळखीची. अडलं ते फक्त दिव्याशी.

आता मी विचारलंच: दिसत नाही तर दिवा हवाय कशाला? असं तोडून बोलायची माझी सवय वाईट आहे. पण त्यांना राग आला नाही. म्हणाले, मला नकोच आहे, येणाऱ्यांना हवा. घरात अंधार दिसला की लोक दार न वाजवता परत जातात. शेजारच्या बाई दोनदा तशाच गेल्या. एकदा ताई न कळवता आली, तर हे काळोखात शर्टाला बटण लावत बसलेले. ती उंबऱ्यातच रडायला लागली. आणि एकदा कुणीतरी येऊन ट्यूब लावून गेलं आणि ती अकरा दिवस जळत राहिली.

"तेव्हाही ऐकू यायला हवं होतं," ते म्हणाले. "आमची जुनी ट्यूब गुणगुणायची. घरात आलो की कानाला कळायचं, चालू आहे. पण तेव्हा मी तापानं पडलो होतो, कान भरलेले. अकराव्या दिवशी तिचा चोक जळला. धूर झाला, शेजारी धावत आले."

इलेक्ट्रिशियननं नवीन ट्यूब बसवली. ती गुणगुणत नाही आणि तापतही नाही. विजेची बचत झाली म्हणून सगळे खूश, आणि ऑपरेटरांच्या हातातली एकुलती एक खूण गेली.

धुराची बातमी ताईंना लागली. ताई अडुसष्ट वर्षांच्या, दुसऱ्या गावी राहणाऱ्या. त्यांनी सांगून टाकलं की पुढच्या महिन्यात मी येते आणि तुला घेऊन जाते. कायम बंद ठेवला तर ताई रडते, कायम चालू ठेवला तर ताई ओरडते, अशी ऑपरेटरांची गत. तिच्या घरात काय कमी आहे, मी विचारलं. कमी काही नाही, ते म्हणाले, पण तिथं मी पाहुणा. उठलो की कुणीतरी कोपर धरणार. पाणी हवं तर मागायचं. इथं मी घरमालक आहे आणि तिथं सामान होईन.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच मी फोनजवळच्या स्टुलावर जाऊन बसले होते.

उजेड पडला की वाजणारी डबी करता येते हे मला माहीत होतं. शाळकरी पोरंसुद्धा करतात. मी म्हटलं, मी करून देते, घेऊन जा. ते नको म्हणाले. आधी समजायला हवं, कारण बिघडली तर ताईसमोर मी काय करू. मग रोज अकरा वाजता प्रश्न सुरू झाले. बॅटरीला जीभ लावली की आंबट का लागतं. पंखा बंद केल्यावरही फिरत राहतो तो कुणाच्या जिवावर. जुनी ट्यूब गुणगुणायची ती का. मी सांगितलं, चोकच्या आतल्या लोखंडी पट्ट्या सेकंदाला शंभर वेळा थरथरतात. त्यांनी फोनवर तो सूर गुणगुणून दाखवला. अगदी हुबेहूब. दुकानात माझ्या मागे कुणीतरी जुनी ट्यूब लावली असं वाटलं.

पण खरी जिरली ती एका साध्या प्रश्नानं. त्यांनी विचारलं, बल्बमध्ये वीज खर्च होते ना, मग एका तारेनं जेवढी जाते त्यापेक्षा दुसरीनं परत येणारी कमी असणार, किती कमी? मी ठोकून दिलं, असेल निम्मी. फोन ठेवल्यावर मनाला टोचणी लागली. बॅटरी घेतली, विजेरीचा बल्ब घेतला, मल्टिमीटर आधी बल्बच्या अलीकडे लावला, मग पलीकडे. आकडा तोच. बॅटरी बदलली, मीटर बदलला, तरी तोच. बावीस वर्षं मी लोकांना शहाणपण शिकवत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना फोन केला.

"परत येणारी तेवढीच आहे," मी म्हटलं.

"मग बल्ब खातो काय?" ते म्हणाले.

उत्तर शोधायला मला चार दिवस लागले. वडिलांची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली, शिंकले, वाचली. मग सांगितलं की वीज तेवढीच परत येते, पण तिच्या मागचा जोर बल्बमध्ये संपतो. ते म्हणाले, हॉस्पिटलच्या जिन्याचं तसंच. सकाळी जेवढे वर चढतात तेवढेच संध्याकाळी उतरतात, दम मात्र जिन्यात राहतो. माझ्या चार दिवसांच्या वाचनाचा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, आणि आता कुणी विचारलं तर मी तो जिनाच सांगते.

तीन मंगळवार ते दुकानात आले. पांढरी काठी दाराशी टेकवून ठेवायची, बाही दुमडायची आणि काउंटरवर हात पालथे पसरून बसायचं. मी एकेक भाग त्यांच्या तळहातावर ठेवायची. तीन पायांचा ट्रान्झिस्टर, एका बाजूनं चपटा. उजेड ओळखणारी टिकली, मसुराच्या डाळीएवढी: उजेड पडला की ती वीज सोडते, अंधारात अडवते. रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे म्हणजे त्याचा आकडा, असं सांगितल्यावर ते खुलले. म्हणाले, म्हणजे तुमचीही एक ब्रेल आहे की. सोल्डरिंग मी करू दिलं नाही, बोटं भाजली तर वाचायची कशानं. त्याऐवजी स्क्रूची पट्टी दिली, तिच्यात तारा घालून पिळायच्या. त्यांनी सगळं जोडलं, सुटं केलं, पुन्हा जोडलं. चौथ्यांदा जोडलं तेव्हा मी बाजूला गिऱ्हाईक करत होते. मागून बारीक 'टीं' असा आवाज आला. मी वळून पाहिलं, तर ते टिकलीवर बोट ठेवत होते आणि उचलत होते. बोट ठेवलं की गप्प, उचललं की टीं. साठी ओलांडलेला माणूस, पण चेहरा असा झाला होता की मी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

मग मी ते सगळं एका साबणाच्या डबीत नीट बसवून दिलं. टिकलीसाठी झाकणाला भोक पाडलं. आणि त्याच्या शेजारी आणखी एक भोक पाडून डबी वाजली की पेटणारा बारीक लाल दिवा लावला. वडिलांचा नियमच होता: आपल्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डबीवर दिवा हवा, चालू आहे हे माणसाला दिसलं पाहिजे. बावीस वर्षांत माझ्या हातून दिव्याशिवाय डबी गेली नव्हती. बोट ठेवून, उचलून पाहिलं. ठीक चालली. दिव्याचं मी त्यांना काही बोलले नाही, बोलण्यासारखं त्यात काय होतं.

ताई गुरुवारी संध्याकाळी यायच्या होत्या. शुक्रवारी अकरा वाजले, फोन नाही. सव्वाअकरा झाले. मी तीन गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसले. साडेअकराला फोन आला.

ते म्हणाले, काल दिवा लावून, डबी टेबलावर चालू ठेवून बसलो होतो. ताई आली. तिला म्हटलं, बघ आता गंमत. दाराचं बटण दाबलं. डबी वाजतच राहिली. मला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नाही. पुन्हा दाबलं, तरी वाजतेय. आतल्या दाराचं दाबलं, तरी वाजतेय. मी ताईला म्हटलं, अगं, हा दिवा विझतच नाहीये. तर ती म्हणाली, छोट्या, अंधार आहे रे. केव्हाचा अंधार आहे.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. मला ती खोली डोळ्यांसमोर दिसत होती, आणि काळोखात उभं राहून उजेड आहे म्हणून सांगणारा हा माणूस.

"ताई बॅग भरतेय," ते म्हणाले. "पण मी सकाळपासून कपाटात बसलोय."

मला भलतीच शंका आली. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते हसले. म्हणाले, डबी घेऊन कपड्यांच्या कपाटात बसलोय, दार लावून. इथं नक्की अंधार, त्यासाठी कुणाला विचारायला नको. आता ऐका. डबी कपाटातच चालू केली तर गप्प असते. विजेरीचा उजेड एक क्षणभर टाकला की वाजायला लागते, आणि विजेरी विझवली तरी वाजतच राहते. टिकलीवर बोट ठेवलं की गप्प. बोट उचललं तरी गप्पच राहते. बरोबर?

मी म्हटलं, बरोबर.

"म्हणजे टिकली चांगली आहे. ती खोटं बोलत नाही. ती वाजतेय त्या अर्थी तिच्यावर उजेड आहे. पण कपाटात उजेड नाही, विजेरी बंद आहे. गप्प असताना नसलेला आणि वाजायला लागली की असणारा उजेड तिला कुठून तरी मिळतोय." मग म्हणाले, "बाई, डबी वाजते तेव्हा डबीतच काही पेटतं का?"

एकदा खोलीतला दिवा लागला की डबी वाजणार, वाजली की माझा लाल दिवा पेटणार, आणि तो शेजारून टिकलीवर पडत राहणार. मग खोलीत काळोख झाला तरी टिकलीला उजेड तो आहेच. दुकानात मी नुसतं बोट ठेवून पाहिलं होतं. काळोख करून पाहायचं मला सुचलंही नव्हतं, कारण मला तशी गरज कधी पडलीच नव्हती.

"हो," मी म्हटलं. "लाल दिवा आहे. मी लावला."

"कुणासाठी?"

रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी सरळ विचारलं, बटणांबद्दल विचारलं होतं तसं. माझे डोळे भरून आले आणि नाक ओढलेलं त्यांना ऐकू गेलं असणार, कारण पुढे तेच बोलले.

"लाल ना? मला आठवतो लाल. खूप वर्षांत मला कुणी लाल काही दिलं नव्हतं."

मी दुकान बंद केलं. भर कामाच्या दिवशी, पावणेबाराला. बावीस वर्षांत मी ते फक्त वडिलांच्या आजारपणात केलं होतं. पिशवीत पक्कड टाकली आणि निघाले.

ऑपरेटरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार ताईंनी उघडलं. पाठीतून वाकलेल्या, पण नजर धारदार. पलंगावर बॅग उघडी होती आणि त्यांचे शर्ट घड्या घालून तिच्यात ठेवले होते. तुम्हीच का त्या डबीवाल्या, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि चूक माझी आहे, त्यांची नाही, हेही सांगितलं. ताई म्हणाल्या, चूक कुणाची का असेना, काल अंधारात उभा राहून हा उजेड आहे म्हणत होता. ते माझ्यानं बघवलं नाही, परत बघायचं नाही.

ऑपरेटर कपाटातून बाहेर येऊन खुर्चीवर बसले होते, केसांना धागे चिकटलेले. ते बहिणीशी वाद घालायला गेले नाहीत. मला म्हणाले, कापा. मी लाल दिव्याच्या दोन्ही तारा पकडीनं तोडल्या आणि दिवा टेबलावर ठेवला. मग खिडक्या लावल्या, पडदे ओढले, आणि ताईंना म्हटलं, आता तुम्हीच घ्या परीक्षा.

ताईंनी ती घेतली. मास्तरीण शोभेल अशी घेतली. दाराचं बटण दाबलं, डबी वाजली. चालू, ऑपरेटर म्हणाले. पुन्हा दाबलं. बंद. आतल्या दाराशी जाऊन दाबलं. चालू. पाऊल न वाजवता परत आल्या, दाबलं, लगेच पुन्हा दाबलं. बंद होऊन चालू. दहा मिनिटं हे चाललं, एकदाही चुकलं नाही. मग ताईंनी मला नजरेनं खुणावलं. मी आतल्या बटणाशी गेले, त्या बाहेरच्या दाराशी, आणि त्यांनी मान हलवताच दोघींनी एकदम दाबलं. दिवा किंचित लवला आणि होता तसाच राहिला.

"चालूच," ऑपरेटर म्हणाले. "पण दोघींनी मिळून दाबलंत. दोन टक् ऐकू आले. ताई, लबाडी तू लहानपणापासून करतेस."

मी हसले. ताई हसल्या नाहीत. त्या पलंगाच्या कडेला बॅगेशेजारी बसल्या आणि वरचा शर्ट उचलून त्याची घडी मोडली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता कबूल करतील. या बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की दोन डोळे आणि बावीस वर्षांची दुकानदारी असून मला न सापडलेली चूक तिच्या भावानं कपाटात बसून शोधली. माणसाला घरात एकटं राहता येतं की नाही याचा याहून मोठा पुरावा काय हवा. मी तसं बोलणारही होते.

"म्हणजे तू येत नाहीस," ताई म्हणाल्या.

"नाही," ऑपरेटर म्हणाले.

ताईंनी शर्ट मांडीवर ठेवला. "मला ठाऊक आहे रे तुला सगळं जमतं. वहिनी होती तेव्हाही निम्मं घर तूच सांभाळायचास. तुला जमत नाही म्हणून न्यायला आले नव्हते मी." त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "हे गेल्यापासून मला घर खायला उठतं. मुलगा परदेशात. दिवसदिवस कुणाशी बोलत नाही मी. धुराचं निमित्त मिळालं, म्हटलं, आता तरी येशील."

खोलीत डबी वाजत होती. ऑपरेटरांनी हात पुढे करून ती बंद केली. मी पिशवी उचलावी की नाही या विचारात तशीच उभी राहिले. जगाला प्रश्न विचारून भंडावणाऱ्या या माणसानं आपल्या बहिणीला, तू कशी आहेस, एवढंही विचारलं नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं. मीही माझ्या भावाला कितीतरी दिवसांत विचारलेलं नाही, हेही मनात येऊन गेलं.

मग ऑपरेटरांनी खुर्ची सरकवत पलंगापाशी नेली, अंदाजानं, आणि गुडघा पलंगाला लागल्यावर थांबले.

"ताई, तुझ्या बाहेरच्या खोलीतल्या दिव्याचं बटण दाराच्या कुठल्या बाजूला आहे?"

ताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी उजवा हात हवेत धरला, मग तो खाली घेऊन डावा धरला. दोन्ही हात तसेच अधांतरी राहिले.

"नाही रे सांगता येत," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं राहतेय. कधी लक्षच दिलं नाही."

"मग चल," ऑपरेटर म्हणाले, "बघून येऊ."